पावणेतीनशे कॅसेटींतल्या सात

घोडेगावात एसटी स्टँडजवळ माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात लोणीचे एक काका महिन्यातून एकदा तरी टेप घेऊन यायचे. त्यांची पिठाची गिरणी होती, पण जीव आवाजांत. घरी दोन टेप समोरासमोर ठेवून ते गिरणी, ऑईल इंजिन, मळणी यंत्र, पत्र्यावरून ओढलेली साखळी असे आवाज एकावर एक चढवायचे. सूर नाही, ताल नाही, नुसता खणखणाट. लोक हसायचे. काका म्हणायचे, "हसू द्या. हे माझं वाजवणं हाय."

पुढे त्यांचे कान गेले, गिरणीनेच नेले. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका सकाळी ते आणि काकू तीन पोती घेऊन दुकानात उतरले. पोत्यांत पावणेतीनशे कॅसेटी, वर नुसते आकडे.

"भाऊ, आता सीडी निघालीय म्हणं," काका मोठ्याने म्हणाले. "यातलं खरं तेवढं एका सीडीवर घाल. मला ऐकू येत न्हाई. तुझ्या कानावर सोडतो."

मी मान हलवली. आवाजातला खरेपणा मला कळतो, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. चार महिने सोल्डरिंग करताना शेजारी त्यांच्या कॅसेटी लावल्या. गिऱ्हाइकं कानावर हात ठेवून बोलायची. पहिल्या शंभर तर मी सरळ बाजूला काढल्या. त्यांत काका नुसते यंत्र ऐकत होते, वाजवत नव्हते. दोन यंत्रांची गती एकमेकांपासून हळूहळू सुटते आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, तिथून त्यांचं खरं काम सुरू झालं होतं. तसल्या सात निघाल्या.

आकडे मी पाटीवर लिहून दाखवले. काका भडकले. "सातच? येवढ्यातनं सात?"

"मी तर दोन म्हणाले असते," काकू पदराआड हसल्या.

काकांनी स्पीकरवर पंजा टेकला आणि एकेक कॅसेट हातानं ऐकली. एकशे बाराला त्यांनी हात झटकला. "ही न्हाई. ह्यात पट्टा तुटला व्हता. चुकलेली हाय."

मी पाटीवर लिहिलं, "तुटल्यावर तुम्ही टेप बंद केला नाही. घमेलं घेऊन वाजवत राहिलात. सगळ्यांत चांगली हीच."

त्यांनी पंजा पुन्हा स्पीकरवर टेकला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

दसऱ्याला गिरणीची पूजा झाल्यावर ती सीडी लावली. पाचसात माणसं उठून गेली. शेजारची एक म्हातारी मात्र खाली बसली आणि म्हणाली, "लई जोराचं हाय, पर आतनं कायतरी हलतंय. परत लावा."

पुढच्या आठवड्यात काका माझ्याकडून मोठा स्पीकर घेऊन गेले, आणि त्यावर पंजा ठेवून त्यांनी आणखी अकरा कॅसेटी भरल्या. त्यांतल्या दोन मी त्या सातांच्या रांगेत बसवतो. बाकीच्या नऊ नाही, आणि तसं मी त्यांना पाटीवर स्वच्छ लिहून दिलं.