नवं व्हर्जन आणि बंड्यांची यादी

यवतमाळात राहून वेबसाइटी बनवणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, हे माझ्या घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही. लग्न जमवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटर रिपेअर करता का?" मी हो म्हणून मोकळा झालो. त्यात खोटंही फार नव्हतं. नवं बनवायचं काम वर्षातून दोन-तीनदा येतं, बाकी वर्षभर मी माझंच जुनं दुरुस्त करत बसतो.

याचं कारण फ्रेमवर्क. आम्ही लोक सगळं शून्यापासून लिहीत नाही, एक तयार सांगाडा घेतो आणि त्यावर आपलं काम चढवतो. तो सांगाडा बनवणारे दर वर्षी-दोन वर्षांनी नवं व्हर्जन काढतात आणि जुन्याबद्दल गोडीगुलाबीनं कळवतात, की अमक्या तारखेनंतर आम्ही याच्याकडे बघणार नाही. चूक सापडो की चोर शिरो, तुमचं तुम्ही निस्तरा. याला सपोर्ट संपणं म्हणतात. शहाणा माणूस त्या तारखेच्या सहा महिने आधी कामाला लागतो. मी ती तारीख वहीत लिहितो आणि वही कपाटात ठेवतो.

कळंब रोडवरच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, काम मी दहा वर्षांपूर्वी केलं होतं. कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांची यादी, एवढंच काम. शेतकरी आदल्या दिवशी फोन करतो किंवा खिडकीवर येतो, ऑपरेटर त्याचं नाव, गाव आणि वेळ टाकते. सकाळची एक यादी निघते, दुपारची एक. गेटवरच्या माणसाला नाव पटकन सापडावं म्हणून मी यादी नावांच्या अक्षराप्रमाणे लावली होती. पण गेटवाला नाव शोधायच्या भानगडीत पडलाच नाही, तो वरून खाली नावं पुकारत गेला आणि तोच नंबर झाला. जिनिंगचे मालक शेठजी, त्यांना हे फार आवडलं. कोणाचा वशिला नाही, कोणाचं तोंड बघून गाडी आत नाही, कॉम्प्युटर सांगेल तसं. ज्यांची नावं 'अ'पासून सुरू होत तेही माझ्यावर खूश होते.

ही खिडकी सांभाळायच्या काकू. पन्नाशीच्या, कळंबच्याच, तिथल्या लोकांसाठी नुसत्या 'बाई'. कॉम्प्युटर कुठे शिकलेल्या नाहीत, पण माझ्या स्क्रीनवर त्यांचा हात असा बसला होता की खिडकीबाहेरच्या माणसाशी बोलता बोलता, किबोर्डकडे न बघता नाव पडायचं. त्यांची मुलगी यवतमाळला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती फी याच खुर्चीतून निघत होती, हे त्यांनीच मला एकदा चहा घेताना सांगितलं होतं.

तर मागच्या वर्षी, दसरा होऊन गेल्यावर, सर्व्हरवाल्यांची मेल आली. तुमचं जुनं व्हर्जन आम्ही महिन्याभरात बंद करतोय. फ्रेमवर्कवाल्यांनी तर कधीच सोडलं होतं, आता सर्व्हरवालेही हात काढून घेणार. मी चार व्हर्जनं मागे होतो. आणि यात थेट वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही, एक-एक व्हर्जन चढत जावं लागतं, प्रत्येक पायरीवर काहीतरी मोडतं. दर दिवाळीला मी म्हणायचो, यंदा करून टाकू. नऊ दिवाळ्या गेल्या. आता सिझन तोंडावर होता.

शेठजींना सांगायला गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालून राह्यलं ना? मंग हात कायले लावता?"

"चालून राह्यलं म्हणूनच," मी म्हणालो. "महिन्याभरानं बंद पडेल, भर सिझनमध्ये."

"ठीक आहे, करा. पण पाहा इंजिनिअर, पहिल्या दिवशी गेटवर गोंधळ झाला तर मी बाईले घरी बसवतो. तिले जुनंच जमते. माझ्या साळ्याची पोरगी कॉम्प्युटरची बी.एस्सी. झाली, ते बसते मग इथं."

हे त्यांनी काकूंच्या पाठीमागे उभं राहून, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. काकू मान खाली घालून पावत्या लावत राहिल्या. शेठजी गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, काही बदलवू नका. माह्या पोरीचं हे शेवटचं वर्स आहे."

"काकू, तुम्हाला कळणारसुद्धा नाही की बदललं," मी छातीठोकपणे सांगितलं.

आणि खरंच राबलो मी. पंधरा दिवस जेवताना शेजारी लॅपटॉप. बायको म्हणाली, एवढं लक्ष आपल्या नळाच्या गळतीकडे दिलं असतं तर. एकेक व्हर्जन चढलो, प्रत्येक व्हर्जनमध्ये काय बदललं ते वाचलं, मोडलं ते जोडलं. स्क्रीन हुबेहूब जुनीच ठेवली. तोच निळा रंग, तेच बटण, टॅब तीनदा आणि एंटर. मग काकूंना बसवून चाचणी घेतली. मी माझ्या कागदावरून वीस नावं वाचली, त्यांनी टाकली, यादी अक्षरन् अक्षर बरोबर निघाली. काकू पहिल्यांदा हसल्या. "हे तं तसंच आहे हो," म्हणाल्या. मी स्वतःवर इतका खूश झालो, की तिथून पुढे कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतलं आणि पेढेसुद्धा घेतले.

सिझनचा पहिला दिवस उजाडला. मी मुद्दाम सकाळी सातलाच पोचलो, म्हटलं कौतुक ऐकू. गेटवर आरडाओरडा चालू होता. रस्त्याच्या एका बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मेटॅडोर, दुसऱ्या बाजूला आठ-दहा बंड्या. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. गेटवाला यादीप्रमाणे पुकारत होता, ट्रॅक्टर आत जात होते आणि बंडीवाले चिडले होते. एक म्हातारा बैलाच्या मानेवर हात ठेवून शेठजींनाच विचारत होता, "दर साली पयले बंड्या घेता, यंदा काहून नाही? जनावर पहाटेपासून जुतलेलं आहे."

"पयले बंड्या असा कोणता नियम आहे?" शेठजी म्हणाले. "यादीत जसं नाव तसा नंबर. मी कधी नियम केला नाही."

"मंग इतके वर्स काय होतं ते?"

शेठजींना हे माहीतच नव्हतं, आणि चाळीस माणसांसमोर त्यांना ते पहिल्यांदा कळत होतं. ते तडक खिडकीवर आले. मी मागोमाग. "बाई, काय भानगड आहे ही यादीची?"

काकूंचा चेहरा उतरला होता. यादीचा कागद हातात धरून त्या त्यावरच्या नावांकडे बघत होत्या. "मी तं नेहमीसारखंच टाकलं," एवढंच म्हणाल्या.

शेठजी माझ्याकडे वळले. गेटवरचे लोकही वळले. आणि मी तिथे, एका सेकंदाचाही विचार न करता, आमच्या धंद्यातले सगळे जे म्हणतात तेच म्हणालो. "सॉफ्टवेअर बरोबर आहे शेठजी, मी तपासलंय. एन्ट्री टाकताना काही चुकलं असेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांना बहुतेक खात्री करून घ्यायची होती, की मी हे खरंच बोललो.

"बाई, तुमी आज घरी जा," शेठजी म्हणाले. "पाहू उद्याचं."

काकूंनी टेबलाखालची डब्याची पिशवी उचलली आणि गेटमधून, त्या सगळ्या माणसांमधून वाट काढत गेल्या. मला वाईट वाटलं, पण मनातल्या मनात मी हेही म्हणालो की आपण तर बरोबरच होतो.

साळ्याची पोरगी दिग्रसहून निघून पोचायला उद्या उजाडणार होतं, म्हणून त्या दिवशी खिडकीवर शेठजींनी मलाच बसवलं. नऊ वर्षांत मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत होतो. फोन सुरू झाले. तिसराच फोन राळेगावकडचा. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पुढे म्हणाला, "बंडी आहे बरं."

"बरं," मी म्हणालो. आणि मग स्क्रीनकडे बघत बसलो. बंडी लिहायची कुठे? तसा रकानाच नव्हता. मी ठेवलाच नव्हता.

"लिवलं का?" तो म्हणाला. "नाही तं बाईले द्या फोन. त्यायले समजते."

दुपारपर्यंत अशा पाच जणांनी मला बंडी असल्याचं बजावून सांगितलं. मी गेटवाल्याकडे गेलो आणि विचारलं, की बाबा, तुम्ही बंड्या आधी घेत होता का? "आमी काय घेतो," तो म्हणाला. "यादीतच वर राहे त्यायचं नाव. बैल उन्हात उभे ठेवणं बरं नाही, हे बाईले कोणी सांगा लागते का?"

मी परत येऊन मागच्या सिझनची जुनी यादी उघडली. बंडीवाल्यांची नावं सगळ्यात वर, आणि बाकीच्या नावांपेक्षा जराशी आत सरकलेली. प्रत्येक नावाच्या आधी एक मोकळी जागा. स्पेसबार एकदा दाबलेला. कॉम्प्युटर मोकळ्या जागेला 'अ'च्याही आधी धरतो, आणि हे या बाईनं कोणालाही न विचारता हुडकून काढलं होतं. रकाना नव्हता, नियम नव्हता, म्हणून तिनं माझ्याच यादीत बैलांसाठी वाट काढली होती. कोणाला सांगितलं नाही, कारण यादीला हात लावते असं शेठजींना कळलं असतं तर वशिलेबाजी ठरली असती. नऊ सिझन.

आणि नव्या व्हर्जनची सोय अशी, की कोणी नावाच्या मागेपुढे मोकळी जागा सोडली तर ते आपोआप कापून टाकतं. बदलांच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि वाचताना मला चांगलं वाटलं होतं. जुन्या याद्यांतल्या त्या जागा मला दिसल्याही होत्या. मी समजलो, काकूंची बोटं घसरतात, बरं झालं आता साफ होईल. चाचणीतली नावंही माझीच, त्यात एकही बंडी नव्हती. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझे कान तापले. इतकी लाज मला बारावीत नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

तासाभरात मी एक चौकोन टाकला, 'बंडी' नावाचा. खूण केली की नाव वर. मग शेठजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते हसले. "बाई बरीच चालू आहे की," म्हणाले. "तिले सांगा उद्या या. पोरीले मी नाही म्हणतो." मला हायसं वाटलं. प्रकरण मिटलं होतं.

काकू काही फोन उचलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो. त्या कमरेला वेचलेला कापूस ठेवायची ओटी बांधून जावेच्या शेतात कापूस वेचायला निघाल्याच होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्पेसचं, चौकोनाचं, शेठजींनी बोलावल्याचं. चूक माझी होती हेही सांगितलं.

"शेठजीले सांगतलं हे?"

"हो. कालच. फोनवर."

"फोनवर," त्या म्हणाल्या आणि ओटीची गाठ घट्ट करत राहिल्या. मग विचारलं, "अन् काल तुमी बोलले तवा तिथं किती लोकं होते?"

"असतील तीस-चाळीस."

"तीस-चाळीस." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "आता ते लोकं मले बाजारात भेटतीन. माह्या पोरीले एसटीत भेटतीन. त्यायले फोन केला का तुमी?"

मी गाडी चालू केली आणि म्हणालो, "बसा काकू." त्यांनी ओटी सोडून दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि मागे बसल्या.

गेटवर कालच्यासारखीच गर्दी होती. काकू गाडीवरून उतरल्या, पण आत गेल्या नाहीत. गेटच्या बाहेर, बंड्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. शेठजी वजनकाट्यापाशी होते. मी ट्रॅक्टर आणि बंड्यांच्या मधोमध उभा राहिलो. माझा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, कोणाला ऐकूच गेला नाही, एका ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली. म्हणालो, काल गोंधळ झाला तो माझ्यामुळे झाला. बाईंची एन्ट्री बरोबर होती. बंड्या इतकी वर्षं आधी लागत होत्या त्या यांच्यामुळे, आणि मी नवं बसवताना न विचारता ते मोडलं. आणि मग त्यांच्यावरच ढकललं.

कालचा म्हातारा आजही आला होता, तो शेठजींना म्हणाला, "मंग आता बंड्या पयले?"

शेठजींनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पयले," ते म्हणाले. "आता नियमच."

तेव्हा काकू आत आल्या. खुर्ची पदरानं झटकली, बसल्या, आणि मला शेजारी स्टूल ओढायला सांगितलं. चौकोन कुठे आहे ते मी दाखवलं. त्यांनी एकदा खूण केली, एकदा काढली, पुन्हा केली, आणि नाव वर गेलेलं बघितलं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पयल्या साली मले इचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं."

मग फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला.