जानेवारीच्या पानावरचा जंको

२००६ साली आमच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरसाठी जानेवारीचा फोटो काढायचं मी कबूल केलं. कॅलेंडरचं काम बघणारे काका निवृत्त इंजिनिअर होते. ते फोनवर म्हणाले, "तुझ्याकडे नवा डिजिटल कॅमेरा आहे ना? मग दहा मिनिटांचं काम."

आम्ही शिकागोच्या बाहेर एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. थंडी सुरू झाली की बाल्कनीच्या कठड्यावर जंको नावाचे पक्षी यायचे. पाठ पाटीसारखी करडी, पोट पांढरं, चोच गुलाबी. आकार मुठीत मावेल एवढा. मी कठड्यावर दाणे ठेवले आणि बर्फ पडल्यावर सलग तीन शनिवार बाल्कनीच्या काचेच्या दाराशी मांडी घालून बसले. काचेतून फोटो धुरकट यायचा म्हणून दार वीतभर उघडं ठेवत होते. आतून नवरा ओरडायचा, "यार, दार लाव! हीटिंग काय बाहेरच्यांसाठी चालू आहे?" त्या आवाजाने पक्षी भुर्रकन उडायचे.

बरं, जे फोटो मिळाले त्यांत बर्फ सिमेंटसारखा आला होता. एवढा पांढरा रंग दिसला की कॅमेरा आपणहून फोटो काळपट करतो, हे मला दोनशे फोटो काढून झाल्यावर कळलं. मग आठवडाभर ऑफिसातून आले की कॉम्प्युटरसमोर. बर्फ उजळला की पक्ष्याचं पोट त्यात विरघळून जायचं. पोट वाचवलं की बर्फ निळा व्हायचा. शेवटी एक फोटो मनासारखा जमला. खाली कोपऱ्यात जंको, आणि बाकी सगळा शांत, मोकळा बर्फ.

काका रविवारी चहाला आले. त्यांनी स्क्रीनजवळ नाक नेलं.

"छान आहे गं. पण ही चिमणीच ना?"

"नाही काका, जंको आहे."

"लोकांना चिमणीच वाटणार. डोकं लाल करता येतं का? कॉम्प्युटरवर सगळं होतं म्हणतात."

"लाल डोक्याचा जंको नसतो, काका."

"बरं, राहू दे. पण एवढी जागा रिकामी का सोडलीस?"

ती जागाच तर मला हवी होती, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि फोटोची सीडी घेऊन गेले.

कॅलेंडर छापून आलं. बर्फ पिवळट, पक्ष्याचं पोटही पिवळट. मोकळ्या जागेत लाल अक्षरांत संक्रांतीच्या शुभेच्छा, आणि शेवटचं अक्षर थेट जंकोच्या शेपटीवर. मी तडक फोन लावला. काका खुशीत होते. "सगळ्यांना आवडलं! तुला दहा कॉप्या जास्त ठेवल्यात."

मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर उगाचच चिडले.

पुढच्या शनिवारी काका स्वतः त्या कॉप्या द्यायला आले. मी मुद्दाम चहा उशिरा टाकला. तेवढ्यात हॉलमधून काकांची हाक आली, तीही दबक्या आवाजात, "अगं, लवकर ये. हा तर फोटोतला!"

कठड्यावर जंको दाणे टिपत होता. काका बूट काढायचेही विसरून काचेला चिकटले होते.

"केवढासा आहे गं! मला वाटलं, चिमणी नाही म्हणजे कबुतराएवढा तरी असेल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पोट पांढरंशुभ्र आहे की याचं."

"फोटोतही पांढरंच होतं, काका."

त्यांनी काचेजवळ आणखी नाक नेलं. दिलगिरी वगैरे काही नाही. त्यांच्या बुटांवरचा बर्फ गालिच्यावर वितळत होता. मी आत जाऊन चहा गाळला, आणि त्यांचा कप त्यांना तिथेच, दाराशी नेऊन दिला.