चाकापुढचे हात

कार्तिकात धुळ्याहून आम्ही जळगावला मामांकडे गेलो. मामेबहिणीने आठवड्याचे बेत घडाघडा म्हणून दाखवले: तंबूतला मुका सिनेमा, जिनिंगच्या कारखान्याबाहेरच्या कापसाच्या गाड्या, बारशीला, म्हणजे द्वादशीला, नव्या वांग्यांचं भरीत आणि त्याआधी एकादशीचा रथ. मी हरखलेच. पण रथाला मोगरी आपले मामा लावतात हे कळलं, आणि माझा जीव तिथेच अडकला.

रथाला ना लगाम, ना ब्रेक. माणसं दोर ओढत सुटतात. वळवायचा किंवा थांबवायचा झाला की कुणीतरी फिरत्या चाकापुढे लाकडाची मोगरी सरकवायची. “हात मागे घ्यायला उशीर झाला तर?” मी विचारलं. सगळे हसले. मला भयंकर राग आला. मग पाहिलेल्या त्या सिनेमातलं एकही चित्र आज आठवत नाही.

एकादशीला मामी म्हणाली, “तू जा. मी वाती वळत बसते.”

गल्लीच्या तोंडाशी रथ आला. लोक हात जोडून वर बघत होते. मी खाली, चाकाशी मामांचे हात शोधत होते. रथ करकरत वळला, पुढे गेला. हात शाबूत होते.

मामा घामाने निथळत घरी आले. “काय गं, देव कसा दिसला?”

मला रडूच फुटलं. “पाहिलाच नाही. तुमचे हातच बघत होते.”

मामा खो खो हसले. मामीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि हळूच आपल्या अहिराणीत मला म्हणाली,

“लगीन जयं तवपासून मीबी देव देखेल नही.”