आईचा जबाब

पोलीस चौकशीला आला त्या दिवशी मी शाळेत होतो. आई घरी होती. त्याने आईला विचारलं, अर्जातली ही बाई तुमची कोण. आई म्हणाली, सून.

ती सून नव्हती. आमचं लग्न झालेलं नव्हतं. अर्जावर तिने स्वतःला अविवाहित लिहिलं होतं, आणि मी जोडलेल्या निमंत्रणपत्रात ‘मैत्रीण’ असा शब्द होता. तो शब्द मला पसंत नव्हता. पण लोणावळ्यात अशा कामांचा अर्ज भरून देणारा जो माणूस आहे, त्याने सांगितलं होतं, की सर, जोडीदार वगैरे पुस्तकात ठीक आहे, सरकारी कागदावर माणूस एक तर नात्यातला असतो, नाही तर ओळखीचा. मी ओळखीचा झालो.

तिच्या देशाचं नाव लिहीत नाही. इतकं पुरे, की ज्या देशांच्या लोकांना आपल्याकडे नुसतं भेटायला यायचं असलं तरी अर्ज फिरत फिरत इथल्या पोलीस ठाण्यापर्यंत येतो, त्यांपैकी तो एक. ती पुण्यात शिकायला होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकाच टेबलावर आम्ही दोन वर्षं बसलो, आणि त्यातलं पहिलं वर्ष न बोलता. पुढे ती माझ्याकडून मराठी शिकली. शिक्षण संपलं, व्हिसाची मुदत संपली, आणि ती परत गेली. तेव्हाच लग्न का केलं नाही, असं लोक विचारतात. आईची परवानगी नव्हती आणि मी त्या परवानगीची वाट पाहत होतो, एवढंच उत्तर आहे.

पुण्यात असताना ती एकदाच आमच्या घरी जेवायला आली होती. आमचं घर तुंगार्लीत, पण बंगल्यांच्या मागच्या ओळीत. वडील गेल्यावर आई बंगल्यांवर उतरणाऱ्या लोकांना जेवण करून द्यायची. शनिवार-रविवारी पिठलं-भाकरी, कोंबडी, इंद्रायणीचा भात. त्या गिऱ्हाइकांसाठी तिने पांढऱ्या मेलामाइनच्या ताटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी मला स्टीलचं ताट आलं आणि तिला पांढरी ताटली. ती समोर बसून मराठीत बोलत असताना आई मला विचारत होती, “त्यास्नी भात वाढू का, विचार.” जेवण झाल्यावर तिने आपली ताटली घासून ठेवली. आईने ती उचलली आणि पुन्हा घासली. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मळवली मागे पडल्यावर म्हणाली, भात फार छान होता.

नंतर आई आजारी पडली. फुप्फुसांचा आजार होता, बरा होणारा नव्हता. बंगल्यांची कामं सुटली. मी कामशेतला शाळेत शिकवायला असायचो आणि दुपारभर आई एकटी. तिच्या देशातून ती रोज दुपारी आईला फोन करू लागली. मी सांगितलं नव्हतं, दोघींपैकी कुणी मला विचारलंही नव्हतं. सुरुवातीला आई फोन उचलायची आणि शेजारच्या मावशींच्या हातात द्यायची. मग कधीतरी स्वतः बोलू लागली. एका दिवशी मी घरी आलो तर आई उशीला टेकून फोनच्या पडद्यावर तिची भाकरी तपासत होती.

“हा कुठल्या देशाचा नकाशा केलास गं?” आई म्हणाली. पलीकडून हसण्याचा आवाज आला. मावशी म्हणाल्या, “तिच्याच असंल. तिथलं पीठ बी तसलंच.” आई म्हणाली, “पिठाला नावं ठेवू नगं. हात बसायचाय अजून.”

आईने एखाद्या परक्या बाईला ‘गं’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्याच महिन्यात आई मला म्हणाली, तिला एकदा घरी आण. माझ्या डोळ्यांदेखत आण. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती. पण ते आता औषधं बदलत नव्हते, यावरून कळायचं ते कळत होतं. मी आईला सोडून तिकडे जाऊन लग्न करणं शक्य नव्हतं. इथे लग्न करायचं तरी तिला आधी इथे यावं लागणार होतं. म्हणून भेटीचा व्हिसा. तिने तिकडे अर्ज केला. मी इकडून पत्र पाठवलं, घराचं लाइटबिल, शाळेचा दाखला, आईची हॉस्पिटलची कागदं. भेटीचं कारण: मित्राच्या आजारी आईला भेटणे. हे तंतोतंत खरं होतं. संपूर्ण अर्जात याहून खरं वाक्य नव्हतं.

मग तो पोलीस आला. साध्या कपड्यात, मोटारसायकलवर, मावळातलाच माणूस. आईने त्याला चहा दिला, चिवडा दिला. शेजारच्या मावशी तिथेच वाल सोलत बसल्या होत्या. मावशींनी मला नंतर सांगितलं, की त्याने फोटो पुढे धरून विचारलं तेव्हा त्यांचे हात थांबले. कारण त्यांनाही ऐकायचं होतं. गल्लीतल्या सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. कुणी आईला तोंडावर विचारलं नव्हतं इतकंच. आई पदर सारखा करून म्हणाली, ही आमची सून. त्याने विचारलं, लग्न कधी झालं. आई म्हणाली, झालं देवळात, घरच्या घरी.

संध्याकाळी आईनेच मला हे सांगितलं. तिला दम लागत होता, पण चेहरा समाधानी होता. तिच्या समजुतीने तिने माझं काम सोपं केलं होतं. बिनलग्नाच्या बाईला पोलीस घरात कशाला येऊ देतील? सुनेला कोण अडवणार? आणि आमच्याकडे कुणीही शहाणी बाई, एका पोलिसासमोर आणि एका शेजारणीसमोर, मुलाची मैत्रीण घरी राहायला येणार आहे असं म्हणाली नसती. मी हसलो. पोलीस एवढं थोडंच लिहून घेतो, असं मला वाटलं.

त्याने लिहून घेतलं होतं. अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीचं होतं: दिलेली माहिती समाधानकारक नाही. कुठली माहिती, ते लिहिलेलं नव्हतं. मी पुण्याला कचेरीत गेलो. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, फाइल मागवली आणि ती आपल्याकडे वळवून वाचली. ते सभ्यपणे म्हणाले, पत्नी असेल तर पत्नी म्हणून अर्ज करा आणि दाखला जोडा. मैत्रीण असेल तर तुमच्या घरच्यांनी पोलिसांना खोटं सांगितलं. मी म्हणालो, माझी आई आजारी आहे. ते म्हणाले, तेही फाइलमध्ये आहे.

परत येताना मी पोलीस ठाण्यात गेलो. तो पोलीस मला बघून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मी आभार मानायला आलोय.

“सर, मी तर चांगलंच लिवलं,” तो म्हणाला. “विवाहित, घरानं चांगलं, सासूची प्रकृती नाजूक. तुमच्या आई म्हनल्या सून, मी लिवलं सून. म्हनलं, तेवढंच काम लवकर व्हईल.”

त्याच्यावर रागावता येईना. त्याने उपाय पण सांगितला. आईचा नवा जबाब घ्यायचा. चार ओळी: सदर महिला माझी सून नाही, तिचे माझ्या मुलाशी लग्न झालेले नाही, मी आजारपणामुळे चुकीची माहिती दिली. खाली सही. तो घरी येऊन लिहून घेईल, वर पाठवेल, मग पुन्हा अर्ज. आजारी बाईला कोण काय बोलतंय, असं तो म्हणाला. उपाय चांगला होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो.

त्या आठवड्याच्या शेवटी आमच्या समोरच्या बंगल्यात मुंबईहून पोरापोरींचा घोळका उतरला होता. गाणी चालू होती. दर शनिवारी जोडपी येतात, राहतात, जातात. कुणी त्यांना विचारत नाही की तुमचं नातं काय. माझ्या आईने त्यांना वर्षानुवर्षं जेवू घातलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं. मी खिडकी लावून घेतली आणि आईच्या पलंगाशी बसून तिला सगळं सांगितलं. जपून सांगितलं. तुझ्यामुळे, हा शब्द टाळला. तरी तिला तो ऐकू आला असणार.

“म्हंजी मी असं लिवून द्यायचं, की ती माझी कुनी न्हाई,” आई म्हणाली.

मी म्हणालो, फक्त कागदावर.

“एकदा तिला मी पाव्हन्यांच्या ताटलीत जेवाय वाढलं. तिनं घासलेली ताटली पुन्हा घासली. तिनं बघितलं ते. मला ठावं हाय.” ती श्वासासाठी थांबली. “आता तिला सून म्हनले. लोकांसमोर म्हनले. आता परत न्हाई घ्यायची.”

मी म्हणालो, मग ती येऊ शकणार नाही. आई म्हणाली, तुझं सरकार बघ काय ते. मी आवाज चढवला. आईने डोळे मिटले. तिला वाद थांबवायचा असला की ती तसंच करायची, पण आजारपणात ते खरंही वाटायचं.

रात्री मी तिला फोन केला. ती आईला समजावेल, अशी माझी खात्री होती. दोघींचं आता माझ्याशिवाय चालत होतं. माझं कुणी ऐकलं नसतं, तिचं ऐकलं असतं. मी कचेरी सांगितली, पोलीस सांगितला, चार ओळींचा जबाब सांगितला. मग तिने विचारलं, “आई नक्की काय म्हणाल्या? त्यांच्या शब्दांत सांग.”

मी सांगितलं. ती रडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “मग त्यांना बदलायला लावू नकोस.”

मी तिला विचारलं, तुला यायचंय की नाही. ती म्हणाली, यायचंय. मी म्हणालो, मग? ती म्हणाली, त्यांनी सही केली तर मी कुणाकडे येऊ? मला हे वाक्य सुंदर वाटायला हवं होतं. मला त्याचा संताप आला, आजही येतो. त्या दोघींना एक शब्द मिळाला होता आणि त्यावर त्या खूश होत्या. मला एक माणूस घरात हवं होतं.

मी तरी प्रयत्न केला. पत्नी नाही, लग्न व्हायचं आहे, आईने ममतेपोटी तसं सांगितलं, असं सविस्तर पत्र मी स्वतः लिहून पाठवलं. मी भाषा शिकवतो. ते पत्र नेटकं होतं. उत्तर आलं नाही.

आई माघात गेली. सकाळी मावशींनी शाळेत फोन केला. मी पोहोचलो तेव्हा आईला खाली घेतलं होतं.

दहावा इंद्रायणीच्या काठावर झाला. प्रवचन झालं, पिंडाला कावळा लगेच शिवला. मग मला दुखवट्याची टोपी-टॉवेल द्यायची वेळ आली. आमच्यात पहिला मान सासुरवाडीचा. भावकीतले एक आबा सगळ्यांच्या दहाव्याला हे काम करतात. त्यांनी आईचंच ऐकलं होतं. पोलीस येऊन गेल्यावर आईने साऱ्या भावकीला तेच सांगितलं होतं, की मुलाचं लग्न झालंय. ते उभे राहून मोठ्याने म्हणाले, “सासुरवाडीची मंडळी म्होरं या.”

कुणी पुढे आलं नाही. आबांनी पुन्हा हाक दिली. मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “विमान चुकलं आसंल त्यांचं.” दोघे-तिघे हसले. दहाव्याला हसू नये म्हणून लगेच थांबले. मग मामा उठला, त्याने स्वतःच्या वाटणीची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि बाकीचे रांगेने आले. ज्यांनी वर्षभर आईच्या तोंडावर काही विचारलं नाही आणि पाठीमागे सगळं विचारलं, ते सगळे आले. प्रत्येकाने टॉवेल टाकला. खांद्यावर जागा उरली नाही.

मावशींनी हा सगळा वेळ फोन उंच धरला होता. ती तिकडून बघत होती. रात्री तिने विचारलं, ते कुणाला बोलावत होते. मी म्हणालो, असंच, पाहुण्यांना.

“सासुरवाडी म्हणजे आम्हीच ना?” ती म्हणाली. तिचं मराठी आता चांगलं झालंय.

मी हो म्हणालो.

तिकडे जाऊन लग्न कर, असं आता मामाही म्हणतो. आता आई नाही, तेव्हा जायला हरकत नाही, असं त्याला म्हणायचं असतं. आम्ही त्याबद्दल बोलतो आणि मग दुसरं काहीतरी बोलतो. ज्या भेटीसाठी आम्ही धडपडलो ती भेट आता नाही, आणि त्या भेटीशिवायच्या प्रवासाची घाई दोघांनाही नाही. तिने इकडे यायचं म्हटलं, तर नव्या अर्जात नात्याचा रकाना असेल. तिथे मैत्रीण लिहिलं की आई खोटी पडते, आणि पत्नी लिहिलं की मी.

पोलीस ठाण्याच्या फाइलमध्ये ती माझी बायको आहे. घरात मी एकटा राहतो. ती तिच्या गावात असते, आणि दुपारी, आईच्या वेळेला, मला फोन करते.