सुंदराबाईंनी पाहिलेले शेवट

सुंदराबाई उईके यांनी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. शेवट मात्र शेकड्यांनी पाहिले आहेत.

वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये त्या चौदा वर्षांपासून झाडायला आहेत. खेळ सुटायच्या दहा मिनिटं आधी झाडू आणि पोतं घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, दिवे लागले की आत शिरायचं. त्या दहा मिनिटांत त्यांनी उडणारे पाहिले, भिंतीतून आरपार जाणारे पाहिले, हातातून वीज सोडणारे पाहिले.

"ताई, त्याले ते बळ कुठून आलं, ते मले इचारू नका," त्या म्हणायच्या. "पण शेवटी किती बिल्डिंगी पडल्या, ते इचारा. एवढा मलबा पाडते, अन् हिरो निघून जाते. मंग तो मलबा कोन उचलते? ते कोनी दाखवतच नाई."

मी बी.ए. केलं, वाचनालयातली बरीच कपाटं पालथी घातली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यांचं घर नालवाडीत आमच्या मागच्या गल्लीत. घरात नवरा जंगलूभाऊ, लाकडाच्या वखारीत सुतारकाम करणारे, आणि शाळेसाठी आजी-आजोबांकडे ठेवलेली नऊ वर्षांची नात ज्योत्स्ना. मुलगा-सून देवळीला कामावर. ज्योत्स्ना घरात पोपटासारखी बोलते आणि चार माणसं दिसली की मुकी होते. मागच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, ती आपला बैल घेऊन रांगेत उभी होती. तोरणाखाली प्रत्येक मूल माईकवर एक झडती म्हणतं, म्हणजे बैलाच्या कौतुकाचा एखादा चुटका. तिची पाळी आली, माईक तोंडासमोर आला आणि पोरगी बैल तिथंच सोडून पळाली. मैदान हसलं. तो बैल एकटाच तोरणाखाली उभा राहिलेला मला अजून दिसतो. तेव्हापासून ती वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचीही बंद झाली होती.

यंदा उन्हाळ्यात टॉकीजची दुरुस्ती निघाली. पडद्याच्या बाजूची जुनी लाल मखमल उतरवली. मॅनेजरनं फाटका तुकडा सुंदराबाईंना नेऊ दिला. पोळा दीड महिन्यावर आला, तेव्हा त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या.

"ताई, दुपारची तुमची मशीन रिकामी राह्यते ना?"

"राहते. काय शिवायचं?"

"पोरगी म्हनते, आजी, सिनेमातल्यावानी पाठीवर उडनारं कापड शिवून दे. ते घातलं त मी झडती म्हनतो. नाई त यंदा रांगेतच येत नाई."

महिनाभर दुपारच्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत त्या माझ्या ओट्यावर मशीन चालवत होत्या. मखमल जाड, सुई तीनदा मोडली. ज्योत्स्ना शेजारी बसून काहीतरी पुटपुटत असायची. मी जवळ गेले की गप्प.

आणि पोळ्याला दहा दिवस उरले असताना वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप गटावर सूचना आली : 'चित्रपटांतील महानायकांचे पोशाख केलेल्या मुलांना यंदा रांगेत प्रवेश नाही.' लिहिणारे पोळा समितीचे अध्यक्ष अच्युत सर. निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्राचे. माणूस सज्जन, पण एकदा बोलायला लागले की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही.

सुंदराबाईंनी सूचना माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मशीनवरचं कापड घडी केलं. मग घडी मोडली.

"बैठक कवा हाय?"

"आज संध्याकाळी, मंदिराच्या सभामंडपात."

"मी येतो तुमच्यासंगं."

बैठकीत आधीच जुंपली होती. बँकेत कारकून आणि त्या गटाचा अॅडमिन असलेला सुमीत सरांना म्हणत होता, "काका, टाइमपास आहे हो तो! दिवसभर खपलेला माणूस दोन घंटे डोकं बाजूला ठेवते. त्यात कायचा विचार अन् कायची विचारसरणी?"

"डोकं बाजूला ठेवलं की त्यात वाटेल ते भरता येतं, सुमीत," सर म्हणाले. "जग एकटा बलवान वाचवतो, बाकीच्यांनी खाली उभं राहून वर बघायचं, हे दर सिनेमात शिकवतात. लोकशाहीत याहून वाईट धडा नाही."

"मंग तुमच्या काळचे हिरो काय ग्रामपंचायतीत ठराव मांडत होते?"

सगळे हसले. त्या हसण्यातच सुंदराबाई उभ्या राहिल्या. मंदिरात त्यांना आजवर मी फक्त मागच्या पायरीवर बसलेलं पाहिलं होतं.

"सर, मी बोलू का? मी शेवट पायतो. अन् लोक बाहेर निघते, तवा त्यायचे चेहरे पायतो."

"बोला ना."

"तीनशे मानसं दुनिया वाचवून बाहेर येते. अन् आपला मक्याच्या लाह्यांचा डब्बा खुर्चीखालीच सोडून येते. सिनेमा कायी शिकवत असता, त एखाद्यानं तरी डब्बा उचलला असता. कोनी कायी शिकत नाई, सर. पोरायले उगाच काऊन रोखता?"

सुमीतनं टाळी वाजवली. पण सर जागचे हलले नाहीत.

"बाई, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. ते नक्की शिकले. कचरा दुसरं कोणीतरी उचलेल, हेच शिकले."

सरांचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं आणि ओट्यावर पुटपुटणारी ती पोरगीही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सुंदराबाईंनी पदर खोचला.

"बरं. तुमचं खरं. आता मले एक सांगा. पोळ्याले आपन बैलाले झूल काऊन घालतो?"

"वर्षभर तो राबतो म्हणून. त्याचा मान."

"राबला म्हनून पाठीवर झूल. अन् पोरीच्या पाठीवर तेच कापड आलं, त ते सिनेमाचं झालं?" त्या थांबल्या. "मलबा न उचलता सिनेमावाले हिरोले फुकट झूल घालते, हे मले बी पटते. मंग आपन फुकट नाई देऊ. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी पोरायनं मैदान झाडावं, दगडं उचलावे, तोरन बांधावं. जे पोरगं राबन, त्यानं पाह्यजे त्या सिनेमाची झूल घालावी. जे नाई राबन, त्यानं साध्या कपड्यात यावं. धोतर-फेट्यातल्या पोराले बी हाच कायदा."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा! बाईनं त घटनाच लिहिली."

अच्युत सरांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना ओळखते. पटलं की ते चष्मा पुसतात.

"सुमीत," ते म्हणाले, "ती सूचना काढून टाक. नवी लिही. शब्द बाईंचेच ठेव."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी सातलाच मैदानावर पन्नासेक पोरं हजर. सुंदराबाई मधोमध उभ्या. "ए, झाडू असा नाई धरत. खालून धर. वाऱ्याकडे पाठ करून झाड, नाई त धूळ तुयाच तोंडात जाईन." डॉक्टरांचा ऋग्वेद कधी झाडूला हात न लावलेला, त्यानं दगडांचा ढीग केला आणि आईला बोलावून दाखवला. नऊ वाजता मैदान असं दिसत होतं, की अच्युत सरांनी चपला बाहेर काढल्या.

संध्याकाळी रांग लागली. लाल, निळ्या, चंदेरी झुली वाऱ्यावर. जंगलूभाऊंच्या सागवानी बैलाच्या पाठीवर लाल मखमल आणि बैलाची दोरी धरलेल्या ज्योत्स्नाच्या पाठीवर त्याच तुकड्यातली लाल मखमल. तोरणाखाली ती आली. माईक सुमीतच्या हातात.

"काय बनून आली ग तू?"

समोर मागच्या वर्षी हसलेले तेच लोक. दोरीवरची तिची मूठ आवळली.

मग तिनं माईक स्वतःकडे ओढला.

"मी ज्योत्स्ना. मी सकाळी झाडलं."

आणि महिनाभर माझ्या ओट्यावर पुटपुटलेल्या झडतीला बैठकीतलं आजीचं बोलणं जोडून ती खणखणीत म्हणाली :

"बैल ओढते नांगर, आजी ओढते झाडू,
राबन त्याले झूल द्या, मंगच वाटा लाडू!"

'हर हर महादेव'चा असा गजर उठला, की झाडावरचे बगळे उडाले. सगळ्यांत मोठा आवाज अच्युत सरांचा. पहिलं बक्षीस सजावटीसाठी दुसऱ्याच बैलाला गेलं, पण लाडू वाटायला ज्योत्स्नालाच बोलावलं. ती प्रत्येकाला नाव विचारून लाडू देत होती. रांग सरकता सरकेना.

मी सुंदराबाईंना शोधायला सवयीनं मैदानाच्या मागच्या कुंपणाकडे पाहिलं. तिथं त्या नव्हत्या. त्या पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या. टॉकीजमधून चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दिवसभराची सुट्टी घेतली होती.

"दुपारी तीनपासून बसून हावो, ताई," त्या म्हणाल्या. "मैदान रिकामं होतं तवापासून. यंदा म्या सुरुवात सोडली नाई."