कंपाउंडरवर आईचा संशय

मी काही मोठी वाचणारी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची जाडी बघते, मग अक्षर बघते, आणि दोन्ही मनासारखं असेल तरच नाव वाचते. आमच्या घरात खरी वाचणारी एकच, ती म्हणजे आई. बाबा गेल्यापासून ती वसईजवळ उमेळ्याच्या बैठ्या घरात एकटी राहते. मागे केळीची चार खुंटं आहेत आणि तिन्ही बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात. एक बिल्डर दर सणाला मिठाईचा पुडा घेऊन येतो. आई मिठाई ठेवून घेते आणि त्याला घालवून देते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा येईपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऑफिसातून रजा टाकून विरारहून तिच्याकडे राहायला आले. वरवर पाहता डोळ्यात थेंब घालायला आले होते. खरं कारण वेगळंच होतं.

पुण्याला असतो तो माझा धाकटा भाऊ. त्याने ऑपरेशनच्या आधीच मला फोन करून सांगितलं होतं, "ताई, आईचं डोकं आता साथ देत नाही. तू जवळ राहून नीट बघ. तसं वाटलं तर मी तिला कायमची इकडे घेऊन येतो. घराचं मग बघू." आई दूध गॅसवर ठेवून फाटकाशी गप्पा मारत उभी राहिली होती आणि पातेलं जळून कोळसा झालं होतं. फोनवर तिने सुनेला दोनदा माझ्या नावाने हाक मारली होती. मी म्हटलं, अरे, मी पण मुलांना हाक मारताना आधी कुत्र्याचं नाव घेते. तो हसला नाही. भाऊ वाईट नाही माझा, उलट काळजीने पोखरून जातो. आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होतीच. आईचं ते घर सुटलं तर तिचं काय उरेल, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तर दुपारी जेवणं आटोपली की मी तिला वाचून दाखवायचे. पहिली आली एक जाडजूड सामाजिक कादंबरी. मोठी नावाजलेली आहे म्हणे. म्हटलं, असेल. पण नमनालाच घडाभर तेल. नायिका गॅलरीत उभी राहून पंधरा पानं विचार करते. पुढे तिचा आणि नायकाचा असा काही गैरसमज होतो, की दोघांना समोरासमोर बसवून एकेक कप चहा दिला असता तर तो मिटला असता. पण नाही. तो परगावी निघून जातो, हिला खोकला लागतो. मी मध्येच पुस्तक मिटून म्हटलं, "अगं, हिच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का, कान धरून विचारणारं?" आई डोळ्यांवर काळा चष्मा लावून पडली होती. म्हणाली, "असतं तर कादंबरी कशी झाली असती?" मग खोकला वाढत गेला आणि आईला झोप लागली. मी पुढची पानं मनातल्या मनात वाचली आणि शेवटी रडले, हे तिला सांगितलं नाही.

मग तिने कविता वाचायला लावल्या. कवितेची मला शाळेपासून धास्ती आहे. ओळ दिसली की खाली 'रसग्रहण करा' असं लिहिलेलं असणार, असंच वाटतं. मी भराभर वाचत सुटले. आई म्हणाली, "गॅस चालू ठेवून आल्यासारखी काय वाचतेस? दम घे जरा." दम घेतला. अर्ध्याअधिक कविता डोक्यावरून गेल्या, पण एक छोटीशी होती, भात शिजायची वाट बघत ओट्याशी उभ्या असलेल्या बाईची. ती संपली तेव्हा मी आपोआप पुन्हा पहिल्यापासून वाचली. बाई गं, हे मी रोज करते आणि मला कधी सुचलं नाही. आईने नुसती मान हलवली.

मधल्या काळात मी तिच्यावर डोळा ठेवून होते. मीठ कुठे ठेवते, थेंबांची वेळ आठवते का, काल काय भाजी केली ते सांगते का. सगळं ठीक होतं. रोज संध्याकाळी भावाचा फोन यायचा आणि मी "छान आहे" म्हणायचे.

मग तिने रहस्यकथा मागितली. तिची आवडती, तलावाकाठच्या बंगल्याची. जुनी आणि खूप गाजलेली. तिने वाचलेली प्रत केव्हाच गेली होती, म्हणून मी वसई स्टेशनजवळच्या वाचनालयातून नवी आवृत्ती आणली. बंगल्यातला म्हातारा शेटजी संध्याकाळचं औषध घेतो आणि मरतो. संशय पुतण्यावर, दुसऱ्या बायकोवर, माळ्यावर आणि औषधाच्या बाटल्या पोचवणाऱ्या कंपाउंडरवर. ही मात्र मला आवडली. खुनाच्या गोष्टीत एक बरं असतं, माणसं फार वेळ गॅलरीत उभी राहत नाहीत. रोज दुपारी भांडी तशीच टाकून मी पुस्तक उघडायचे. मला वाटायचं, बायकोच. फार गोड बोलत होती.

शेवटच्या प्रकरणाच्या आधी मी आईला म्हटलं, "आता सांगच. तुला माहितीये ना?"

"कंपाउंडर," आई म्हणाली. "कितीदा वाचलंय मी हे. कंपाउंडरच."

मी वाचत गेले. गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, येरझारा घातल्या, आणि पुतण्याकडे बोट दाखवलं. पुतण्याने लांबलचक भाषण ठोकून गुन्हा कबूल केला. कंपाउंडरचं पुढे नावसुद्धा नाही.

मी आईकडे बघितलं. ती उठून बसली होती. "असं कसं?" म्हणाली. "नीट वाच." मी तेच पान पुन्हा वाचलं. पुतण्याच. आईने काळा चष्मा काढला, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं, मग परत चष्मा लावला. "असेल बाई," म्हणाली. "विसरले असेन मी." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

 भाजी, मीठ, थेंब हे सगळं ठीक, पण कितीदा वाचलेल्या पुस्तकातला खुनी विसरणं म्हणजे काय? आईने? आमच्या आईने, जी मला लहानपणी खुनाच्या गोष्टी सांगून वरणभात भरवायची? त्या संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी "छान आहे" म्हणाले, पण रोजच्यासारखं पटकन नाही. त्याने ते ओळखलं असावं. "ताई, लपवू नकोस हं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी आईने वाचायला काही मागितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही दोघी घरात एकमेकींना चुकवत वावरत होतो.

त्याच्या पुढच्या दिवशी शेजारच्या मावशी आईला बघायला आल्या. वाडीपलीकडचं ख्रिस्ती कुटुंब त्यांचं. आई लग्न होऊन आली तेव्हापासून दोघींची मैत्री. सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन आल्या होत्या. आई आत आंघोळीला गेली होती, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा टाकला. मला कोणाशी तरी बोलायचंच होतं. हळूच विचारलं, "मावशी, ते तलावाकाठच्या बंगल्याचं पुस्तक तुम्हाला आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? आमचंच होतं ते."

"मग खुनी कोण, सांगा बघू."

"कंपाउंडर," मावशी म्हणाल्या आणि केळं सोलावं तसा पुड्याचा कागद सोलू लागल्या.

मी गॅस बंद केला. एका माणसाची आठवण जाऊ शकते. पण दोघींची, तीही एकाच माणसावर येऊन, कशी जाईल? मी पुस्तक आणून शेवटचं प्रकरण त्यांच्यापुढे धरलं. मावशींनी ते लांब धरून वाचलं आणि नाक मुरडलं.

"हे आमच्यात नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्या प्रतीला शेवटची पानंच नव्हती गं. मिस्टरांनी रद्दीतून आणलेलं. मागचा भाग उंदरांनी खाल्लेला. मग तुझी आई आणि मी बसलो शोधायला. आमचे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस होते, मटणाचं काही बघायचं नव्हतं, स्वयंपाक लवकर उरकायचा. रोज दुपारी यायची ती. मी म्हणायची माळी, ती म्हणायची कंपाउंडर. शेवटी तिने मला पटवलं. मग आमच्यासाठी तोच शेवट. पुढे सगळ्या गावाला आम्ही तोच सांगितला."

मी तिथेच पाटावर बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.  हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मावशी म्हणाल्या, "काय झालं गं, चहात साखर विसरलीस का?"

आई हात पुसत बाहेर आली. मावशींनी तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. "अगं, उंदरांनी खाल्लेली पानं विसरलीस? आपण दोघींनी पकडलेला ना तो?" आई पंचा हातात धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत गेलं. "उंदीर," ती म्हणाली. "हो की. तू माळी म्हणत होतीस." आणि ती खुर्चीवर बसली ती एकदम धपकन. इतकी वर्षं तोच शेवट सांगून सांगून तो आपण लावलेला आहे, हेच तिच्या मनातून पुसलं गेलं होतं. मग कुठून तरी तिच्या अंगात बळ आलं. "पण तो पुतण्या नाहीच," म्हणाली. "लेखकाची चूक आहे. तिसरं प्रकरण काढ. शेटजीचं औषध वाढवलेलं डॉक्टरने अजून कोणाला सांगितलेलं नसतं, आणि कंपाउंडर दारातच म्हणतो की आता ही बाटली आठवडाभर पुरायची नाही. त्याला कसं कळलं?"

मी तिसरं प्रकरण काढलं. पानं उलटत गेले. कंपाउंडर दारात उभा होता, हातात बाटली होती, आणि तो अगदी तेच म्हणत होता. पुढे त्या वाक्याचा कुठेही उल्लेख नाही. लेखक विसरला होता. आई विसरली नव्हती.

"घ्या," मावशी म्हणाल्या. "एवढं नाव झालं त्याचं आणि दारातला खुनी दिसला नाही." मग दोघी सुकेळी खात त्या बिचाऱ्या पुतण्याची बाजू मांडत बसल्या. त्याने खोटी कबुली का दिली असेल, यावर त्यांचं एकमत होईना. मला वाटतं, मी आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यात चांगली पुस्तकचर्चा.

संध्याकाळी मीच भावाला फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी उंदरांसकट.  मग त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला. "मी इकडची खोली रंगवून ठेवली होती गं," म्हणाला. "पण रंगवताना रोज वाटायचं, की तिला ती लागूच नये." मी म्हटलं, "मग तुझ्या मुलीला दे ती. आई इथेच राहते." तो म्हणाला, "राहू दे. दुधाच्या पातेल्याचं काय ते तू बघ." मी त्याला सांगितलं की मी शिट्टी वाजवणारा दूधकुकर आणते. एवढ्यावर आमची मीटिंग संपली.

फोन ठेवून वळले तर आई खोलीच्या दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिने. मला म्हणाली, "जरा पलंगाखालची बॅग ओढून दे. आत पायाने ढकलली, पण काढायला मला वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

बॅग चांगलीच जड होती. ओढून बाहेर काढली आणि तिने चेन उघडली. आत तिच्या साड्या होत्या, घडी करून नीट रचलेल्या. स्वेटर, औषधं, बँकेचं पासबुक. आणि सगळ्यात वर रुमालात गुंडाळलेली, लग्नात माहेरून मिळालेली अन्नपूर्णा. दोन दिवस देव्हाऱ्यात ती नव्हती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे कधी भरलंस?"

"तो पुतण्या खुनी निघाला त्या दिवशी. तू दूध आणायला गेलीस तेव्हा." आई साड्या काढून माझ्या हातात देत होती. "म्हटलं, डोकं जायला लागलंच असेल तर तुम्हा दोघांवर मला न्यायची वेळ यायला नको. अजून समजतंय तोवर आपणच निघावं."

 मी साड्या कपाटात परत ठेवत राहिले. ती पलंगावर बसली, रुमाल सोडला, आणि अन्नपूर्णा देव्हाऱ्यात ठेवायच्या आधी बराच वेळ ती दोन्ही हातांत धरून बसून राहिली.