सगळ्यांनी यावं, आत बसावं

बारामतीच्या पेठेत एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराला दोन आवाज गावभर जायचे. एक दौंडहून येणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा, आणि दुसरा भिमा होलाराचा. गाडी हमखास उशिरा यायची. भिमानं कधी दवंडीला उशीर केला, असं सांगणारा अजून जन्माला यायचाय.

देवानं त्याला अंगापिंडानं काही दिलं नव्हतं. काडीपैलवान माणूस, डोक्यावर विटका तांबडा पटका, काखेत हलगी. पण गळा दिला होता. जनावरांच्या बाजारात त्यानं तोंड उघडलं की बैल माना वळवायचे. घरातसुद्धा त्याला हळू बोलता यायचं नाही. बायकोच्या कानात काही गुपित सांगायला गेला, तर तिसऱ्या घरातून उत्तर यायचं. त्याची बायको दगडाबाई इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची. ती म्हणायची, माझ्या बापानं नवरा बघितला न्हाय, नुसता ऐकला, आणि दिली मला.

दवंडीची रीत भिमाला त्याच्या बापानं शिकवली होती आणि तिच्यात त्यानं कधी कानामात्रेचा फरक केला नाही. आधी हलगी. मग हुकूम कुणाचा ते सांगायचं, नावानिशी. मग काम काय, कधी, कुठं, आणि शेवटी कुणी यायचं. हुकूम करणाराचं नाव आधी का? तर बाप म्हणायचा, म्हंजी लोकांनी शिवी दिली तर ती त्याच्या घरला जाती, आपल्या न्हाय. शहाणा म्हातारा. पाणपट्टी वाढली तेव्हा भिमानं म्युनिसिपालटीच्या अध्यक्षांचं नाव चार आळ्यांत असं खणखणीत घेतलं होतं, की अध्यक्ष आठवडाभर पेठेतून गेले नाहीत.

आता या गावात गायन विद्यालय निघालं. निघायचंच. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, गूळ आला, आणि गुळापाठोपाठ मुंगळे येतात तशी प्रतिष्ठाही येते. कऱ्हेच्या काठाला एका व्यापाऱ्याचं गुळाचं गोदाम रिकामं होतं. त्याला चुना मारून, सतरंज्या टाकून विद्यालय केलं. तंबोऱ्यावर मुंगळे चढायचे ते शेवटपर्यंत चढतच राहिले. रामहरी नावाचे गायनमास्तर मिरजेकडून आणले. मास्तर बिचारे जाणकार होते. त्यांच्या नशिबी अडत्यांची मुलं आली, आणि ती मुलं पेटीवर सारेगम अशी बडवायची की वाटावं शेंगाच झोडतायत.

विद्यालयाचे सेक्रेटरी झाले मोहनराव वकील. त्यांना गाण्यातलं काय कळायचं म्हणाल, तर तंबोऱ्याचा भोपळा भाजीला चालत नाही, इथपर्यंत कळायचं. पण गावात जे जे नवं निघेल त्याचे सेक्रेटरी मोहनराव, हे ठरलेलं. म्युनिसिपालटीची निवडणूकही तोंडावर आली होती. महिन्यापूर्वीच त्यांनी शाळेच्या पटांगणात भाषण ठोकलं होतं, की सगळी माणसं एकाच देवाची लेकरं, शिवाशीव हा कलंक आहे. टाळ्या पडल्या. त्या भाषणाची दवंडीही भिमानंच दिली होती, आणि ते त्यानं शब्दन् शब्द ऐकलं होतं. पटांगणाच्या बाहेर उभा राहून.

तर विद्यालयाचा पहिला वाढदिवस आला. दोन जलसे ठरले. पहिल्या रविवारी विद्यार्थ्यांचं गायन, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी कोल्हापूरच्या चंद्राबाईंची बैठक. दोन्ही दुपारी चारला, म्हणजे जळोचीची, वडगावची माणसं उजेडी घरी पोचतील. मोहनरावांनी पहिल्या जलशाचा मजकूर स्वतः लिहिला आणि भिमाला तीनदा वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं : सर्व नागरिकांनी सहकुटुंब यावे. भिमानं विचारलं, सर्व म्हंजी सगळ्यांनी? मोहनराव म्हणाले, सर्व म्हणजे सर्व, त्यात विचारायचं काय.

भिमानं मग अशी दवंडी दिली की काय सांगावं. ‘सर्व नागरिक’ त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्यानं ते उकलून सांगितलं. “शेक्रेटरी मोहनराव वकील यांच्या हुकमानं... लहानथोर, बायाबापड्या, अठरापगड, सगळ्यांनी यावं, आत बसावं हो!” दोन दिवस गाव घुमत होतं. स्वतःच्या आळीत तो एरवी दवंडी देत नसे. तिथं कुणाला कशाचं बोलावणं यायचं? या वेळी मात्र तिथंही दिली. दगडाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

रविवारी चारला होलार आळीतली पंधरा-वीस माणसं नदीकाठानं गेली, बायकांच्या डोक्याला तेल, पोरांच्या नाकाला पदर. पायरीवर शिपायानं अडवलं. मोठ्या अदबीनं, कारण शिपाईही गरीबच. म्हणाला, तुमची जागा भाईर लिंबाखाली केलीया, खिडकीतून ऐकू येतं. भिमानं आत पाहिलं. मोहनराव दारातच उभे होते. त्यांनी भिमाकडं पाहिलं, आणि मग तंबोऱ्याकडं फार लक्ष देऊन पाहू लागले.

बसले बिचारे लिंबाखाली. आत एका अडत्याच्या लेकीनं सूर लावला, आणि वाऱ्यानं तिच्या घशाला बाधेल म्हणून कुणीतरी खिडकी लावून घेतली. झालं. उरला काय तर लिंबाचा पाला.

घरी आल्यावर दगडाबाईनं लुगड्याची घडी घातली आणि म्हणाली, “तुमच्या दवंडीत आता राम न्हाय.”

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर झालं. अहो, ज्याचं पोट आवाजावर त्याचा शब्द खोटा पडला तर त्याच्याकडं राहिलं काय? पुढच्याच बुधवारी देवी टोचायला डॉक्टर आले. भिमानं दवंडी दिली, सगळ्यांनी पोरं घेऊन चावडीवर यावं. होलार आळीतून एक आई उठली नाही. एकीनं त्याला तोंडावर विचारलं, ह्यातले ‘सगळे’ कुठले, आतले का लिंबाखालचे? भिमा दारोदार हिंडला, हातापाया पडला, तरी सात पोरं टोचायची राहिलीच. त्या दिवशी तो जेवला नाही. लाजेनं माणूस मरत नाही म्हणतात, पण ती घास मात्र गिळू देत नाही.

चंद्राबाईंच्या बैठकीला चार दिवस राहिले तेव्हा मोहनरावांनी त्याला बोलावून नवा मजकूर दिला. जुनाच होता तो, सर्व नागरिकांनी यावे. भिमा अंगणात उभा राहिला, हात जोडले, पण हलगी काखेतून काढली नाही. म्हणाला, साहेब, एक तर सगळे म्हंजी सगळे असूं द्या. न्हायतर कुणी यायचं न्हाय ते तरी सांगा, म्या तसं ओरडतो. माझी ना न्हाय.

मोहनरावांना बरं वाटलं. गडी समजूतदार निघाला म्हणायचा. ते खालच्या आवाजात म्हणाले, मग तसं घाल की, अमक्या-तमक्या आळीच्या लोकांनी येऊ नये.

भिमा म्हणाला, “घालतो. ‘शेक्रेटरी मोहनराव वकील यांच्या हुकमानं, होलार आळीनं येऊ नये.’ पेठेतनंच सुरू करतो.”

“माझं नाव कशाला त्यात?”

“रीत हाय, साहेब. हुकूम कुणाचा ते आदी.”

वकिलाच्या डोळ्यांपुढं निवडणूक उभी राहिली, पटांगणातलं भाषण उभं राहिलं, आणि पुण्याच्या वर्तमानपत्रात त्या भाषणाचं आलेलं चार ओळींचं कौतुकही. त्यांनी नाव वगळून पाहायला सांगितलं. भिमा म्हणाला, निनावी दवंडी चोराची. शेवटी मोहनरावांनी वकिली डोकं चालवलं आणि निकाल दिला, की दवंडीच नको. गाण्याच्या बैठकीला काय ढोल बडवायचा असतो? रसिकांना आपोआप कळतं. भिमाशी कट्टी घ्यावी तशी त्यांनी पाठ फिरवली आणि मनाशी खूष झाले, की बोलावलंच नाही तर यायचा प्रश्न कुठं येतो.

धन्य ती अक्कल! या गावात पहाट झाली हेसुद्धा माणसं कोंबड्याच्या तोंडून ऐकतात. बारामतीकराला आजवर एकही गोष्ट आपोआप कळलेली नाही. गुरुवारच्या बाजारात भिमा आला, कांदे घेतले आणि गेला. हलगी वाजली नाही म्हणजे बैठक रद्द झाली, असा सगळ्यांनी समज करून घेतला. कुणी मळ्यात पाणी धरायला गेलं, कुणी सासुरवाडीला. गुऱ्हाळांचे दिवस, घरी कोण बसतंय.

रविवारी चारला गोदामात सतरंज्या अंथरलेल्या, अत्तरदाणी, गुलाबपाणी, सगळा थाट. आणि माणसं नऊ. त्यातली चार विद्यालयाची, एक तबल्यावर, एक पेटीवर. उरलेल्या तिघांत एक बहिरा सावकार होता, तो कुठल्याही सभेला पहिल्या ओळीत बसायचा.

चंद्राबाई साठीच्या. अंगानं भरल्या, तोंडात विडा, नजर मात्र सुईसारखी. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, समोर एक नजर टाकली आणि तंबोरा खाली ठेवला. म्हणाल्या, “मास्तर, सतरंजीपुढं गायला मी कोल्हापुराहून आले नाही. माणसं आणा.” रामहरी मास्तरांनी मोहनरावांकडं पाहिलं. बाईंनी नवा विडा लावायला घेतला. विडा संपेपर्यंत माणसं आली तर गाईन, नाहीतर संध्याकाळची गाडी आहे, असं सांगून टाकलं.

शिपाई भिमाकडं पळाला आणि तसाच परत आला. भिमा म्हणे, हुकूम ज्याचा त्यानं आपल्या तोंडानं सांगावा. मग काय, मोहनराव वकील, कोट, उपरणं, पंपशू, जन्मात पहिल्यांदा ओढा ओलांडून होलार आळीत आले. बाया दारात उभ्या राहिल्या. भिमा ओट्यावर हलगीचं कातडं चाचपत बसला होता.

मोहनराव म्हणाले, दे बाबा दवंडी, लवकर दे.

भिमानं विचारलं, “कुणाच्या हुकमानं?”

“माझ्या.”

“आन् कुणी यावं?”

दगडाबाई दारात हात पुसत उभी होती. मोहनरावांनी घाम पुसला. “सगळ्यांनी,” ते म्हणाले. “सगळ्यांनी यावं. आत बसावं.”

पण हलगी सैल होती. चार दिवस वाजली नव्हती, कातडं मऊ पडलेलं. भिमानं सांगितलं, शेकल्याबिगर न्हाय वाजायची. मोहनराव कासावीस. तिकडं विडा संपत आलेला. ते स्वतः खाली बसले आणि उसाची चिपाडं एकेक करून जाळात घालू लागले. पंपशूवर राख उडाली. भिमा हलगी जाळावर फिरवत होता, बोटानं टिचकी मारून बघत होता, आणि खरं सांगायचं तर लागतो त्याहून अंमळ जास्तच वेळ शेकत होता. लागू दे की. सात पोरं टोचायची राहिली होती.

मग वाजली. रोज तो पेठेतल्या मारुतीपासून सुरुवात करायचा. आज उभा होता तिथूनच केली, स्वतःच्या दारापासून. “शेक्रेटरी मोहनराव वकील यांच्या हुकमानं...” ते नाव त्यानं असं घेतलं की कऱ्हेपलीकडं ऐकू गेलं असेल. आणि मोहनराव शेजारीच उभे, मान डोलवायची का नाही अशा विचारात. आळीतली माणसं होती तशी निघाली. तेल नाही, पदर नाही, एकीचा हात तर पिठाचा. गोदाम नदीकाठाला, आळीपासून जवळ. पेठेपर्यंत भिमा पोचायच्या आत आळी पायऱ्या चढून आत गेली आणि रिकामी सतरंजी पुढनंच भरत आली. शिपाई बाजूला झाला. हुकूम त्यानंही ऐकला होता.

पेठेतले लोक आले तोवर बाईंनी सूर लावला होता. आता आवाज कोण करतो? चार-दोघं नाक मुरडून दारातूनच गेले, त्यांची विद्यालयाला उणीव भासली नाही. बाकीचे मुकाट्यानं बसत गेले, जागा मिळेल तिथं, म्हणजे मागं, जोड्यांजवळ. अडत्या बसला, त्याची बायको बसली. मोहनरावांना तर बसायलाच मिळालं नाही.

भिमा सगळ्यात शेवटी आला, गाव पालथं घालून, घशाची पार चिंधी झालेली. दगडाबाईनं तबल्यापासून हातभर अंतरावर त्याची जागा धरून ठेवली होती. तो बसला, हलगी मांडीवर पालथी घातली. बाई किती वेळ एकाच स्वराभोवती फिरत होत्या, त्यात त्याला काडीचं समजेना. बाईंच्या पोटात दुखत असावं असंही त्याला एकदा वाटून गेलं. मग तबला आला, आणि त्याची बोटं हलगीच्या कडेवर आपोआप चालू लागली. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते त्याला कळलंच नाही. त्यानं ते पुसलंही नाही.

दिवेलागणीला आळीकडं परतताना दगडाबाईनं विचारलं, काही कळलं का गाणं?

भिमाचा आवाज पार बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

“गाणं न्हाय कळलं,” तो म्हणाला. “पर ह्या खेपेला म्या खोटं न्हाय बोललो.”